गल्ल्यावरून उठणार नाही

"हिच्या हातात पैसं द्यायचं न्हाई," गोदाक्का म्हणाली आणि भावाच्या हातातली नोटांची पुडकी तिनं मागं ओढली.

भर दुकानात, माझ्या तोंडासमोर. घ्यायला पुढं केलेला माझा हात तसाच काचेवर राहिला.

"का हो आक्का?" मी विचारलं.

का ते मला कळलं होतं. पण आधीच सांगते, माझा स्वभाव असा आहे की माणसाच्या पोटातलं त्याच्याच तोंडानं वदवून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"का म्हंजे? लग्नाचा बस्ता हाय आमचा. अन् पैसं द्यायचं कुणाच्या हातात, तर पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या? ओ अप्पा, तुमच्या दुकानात दुसरं माणूस न्हाई व्हय?"

ही गोष्ट बार्शीची, आणि आता जुनी झाली. तेव्हा पैसे म्हणजे नोटाच. मी सुलोचना गुंड, होनराव वस्त्र भांडारात गल्ल्यावर बसायचे. मालक महालिंगअप्पा होनराव. आख्खी बार्शी त्यांना अप्पा म्हणायची. गल्ला म्हणजे दाराला लागून एक काचेचं टेबल, खाली कुलपाचा ड्रॉवर आणि मागं माझं स्टूल. दारही काचेचं होतं, त्यामुळे आतलं आणि पायरीवरचं, दोन्ही मला बसल्या जागी दिसायचं.

गिऱ्हाईक साडी निवडेपर्यंत गोड असतं हो. खरी गंमत पैसे देताना असते. कुणी नोट अशी फेकतं की मी वाकून उचलावी. कुणी फाटकी नोट चांगल्या नोटेच्या पोटात घालून देतं. कुणी जिभेला बोट लावून लावून मोजतं आणि ती ओली नोट आपल्या हातात ठेवतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "मी पाचशेची दिली होती की" म्हणणारं. त्या जातीसाठी मी एक नेम केला होता. गिऱ्हाइकाची नोट काचेवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. उरलेले पैसे त्याच्या हातात मोजून द्यायचे, त्यानं बरोबर म्हणायचं आणि मगच नोट ड्रॉवरमध्ये टाकायची. आणि मोजायचं मोठ्यानं. चार वर्षांत माझ्या गल्ल्याला कधी घट आली नाही.

मग आमचे हे गेले. टेंपो चालवायचे, मोहोळच्या पुढं टेंपो उलटला. पदरात पल्लवी, सातवीत. दीड महिना मी घरात काढला आणि कामावर परत गेले. अप्पा घरी येऊन गेले होते, त्या दीड महिन्याचा पगारही दिला होता, ते खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुलोचना, तू काही दिवस माडीवर बस. ब्लाऊजपिसांच्या घड्या घाल. गल्ल्यावर आपला शिवा बसेल."

"का अप्पा? माझं काही चुकलं?"

"चुकलं नाही गं. लग्नाकार्याचं गिऱ्हाईक येतं आपल्याकडं. कुणाच्या मनात काय येईल, सांगता येतं का?"

गल्ल्यावर अकराशे पगार होता आणि माडीवर सातशे. त्या चारशे रुपयांत आमच्या खोलीचं भाडं आणि पल्लवीची शिकवणी बसत होती. पण मी गेले माडीवर. काय करणार?

शिवा म्हणजे अप्पांचा पुतण्या. त्याचं निम्मं लक्ष गल्ल्यात आणि निम्मं रस्त्यावरून जाणाऱ्या मोटरसायकलींत. रोज घट. कधी ऐंशी, कधी दीडशे. अप्पा मधेच येऊन दोन नोटा काढायचे, शिवा चहाला गेला की मोठा नोकर बसायचा, आणि घट कुणाची हे कुणालाच कळायचं नाही. शेवटी वैतागून अप्पांनी नियम केला. सकाळी जो गल्ल्यावर बसेल तो दुकान वाढवेपर्यंत. मधे दुसरा हात लागणार नाही, मालकाचासुद्धा नाही. आणि घट आली तर बसणाऱ्याच्या पगारातून. हा नियम शिवाला आठ दिवसही झेपला नाही. लग्नसराई तोंडावर आलेली. मग अप्पा स्वतः जिना चढून माडीवर आले.

"ये बाई खाली."

"पगार?"

"अकराशे. पण एक आहे. भवानी मी करणार. भवानी होईपर्यंत तू मागं थांबायचं. झाली की मी हाक मारतो."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. अप्पा तिचे पैसे स्वतः घ्यायचे, डोळ्यांना लावायचे, लक्ष्मीच्या तसबिरीला लावायचे आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचे. तोवर मी मागच्या मोरीपाशी, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ, दार पुढं ओढून उभी. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. आतून मला ऐकू यायचं, कुणीतरी टॉवेल घेतोय, कुणीतरी परकराचं कापड बघतंय, आणि मी मनातल्या मनात म्हणतेय, घे बाबा एकदाचं काहीतरी, पाय दुखायला लागले माझे. मग हाक यायची, "ये गं." आणि मी येऊन बसायचे, जणू काही झालंच नाही.

एकदा म्हणाले, "एखादी बारीक टिकली लावलीस तर काय बिघडतं? गिऱ्हाइकाला कशाला कळायला पाहिजे?"

"अप्पा, मला लावावीशी वाटेल त्या दिवशी मी लावेन," मी म्हटलं. "गिऱ्हाइकासाठी नाही लावणार." त्यांनी टिकलीचं परत काढलं नाही. मी पण पल्लवीच्या तोंडाकडं बघून मोरीपाशी उभी राहत गेले. पण रोज सकाळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती दिवसभर कुठंतरी धगधगत असायची.

तर त्या दिवशी. भवानी होऊन मी गल्ल्यावर बसले होते, आणि वैरागकडची ही मंडळी जीपमधून उतरली. पुढं गोदाक्का, म्हणजे नवऱ्यामुलीची आत्या. ठसठशीत कुंकू, कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि आवाज असा की पार चौकात ऐकू जावा. मागं तिचे भाऊ, भाऊसाहेब, म्हणजे मुलीचे चुलते. मग मुलगी, तिला सगळे वैजू म्हणत होते, आणि बरोबर घरच्या तीन-चार बायका. सगळ्यात शेवटी एक बाई उतरली. फिकट लुगडं, हातात कापडी पिशवी. ती पायरीपर्यंत आली, चपला काढल्या आणि आत न येता बाहेरच्या बाकड्यावर बसली. चपलांच्या शेजारी.

मी दार उघडून म्हटलं, "ताई, आत या की. पंख्याखाली बसा."

"नगं बाई. हितंच बरं हाय," ती म्हणाली आणि पदर कपाळावर आणखी पुढं ओढला. मला काही सांगायची गरज पडली नाही.

गोदाक्कानं दुकान डोक्यावर घेतलं. अप्पांनी साडी उलगडली की ती नाक मुरडायची. "ह्यो काय रंग हाय? मातेरं दिसतंय." "ह्याचा काठ बघा, एका धुण्यात जाईल." चहा झाला, त्यात साखर कमी होती. दुसरा चहा झाला. दुकानात ठळक अक्षरांत पाटी होती, 'एकच भाव. कृपया घासाघीस करू नये.' गोदाक्कानं ती वाचली आणि खदखदून हसली. अप्पाही हसले, आणि दर साडीला दहा-वीस रुपये सोडत गेले. त्या पाटीची अब्रू अप्पांनीच रोज घालवलेली, तिथं परक्यांना काय बोलायचं?

शालू निवडायची वेळ आली तेव्हा मी एक गोष्ट बघितली. वैजूनं दोन शालू हातावर घेतले, एक अंजिरी आणि एक हिरवा. ते घेऊन ती गल्ल्याजवळ दाराशी आली, आणि काचेला लावून एकेक शालू उंच धरला. बाहेरची बाई उठून उभी राहिली. अंजिरी बघून तिनं मान डोलावली. मग बोटानं खूण केली, काठ दाखव. वैजूनं काठ काचेवर पसरला. बाई इतकी जवळ आली की काचेवर तिचा श्वास उमटला. तिनं हात वर केला, पण मधे काच. काचेवरूनच तिनं काठावरनं बोट फिरवलं.

"वैजे! तिला काय दाखवतीस? हिकडं ये आधी!" गोदाक्का ओरडली.

पोरगी खाली मान घालून परत गेली. मी उगाच सुट्या पैशांचे ढीग नीट करत बसले.

अंजिरी शालूच ठरला. सगळा मिळून आकडा अठरा हजार दोनशेवर आला. त्या सराईतला तेवढा मोठा बस्ता आमच्याकडं झाला नव्हता, अप्पांचा चेहरा खुलला होता. भाऊसाहेब उठले आणि बाहेर गेले. मी बसल्या जागेवरून बघत होते. बाकड्यावरच्या बाईनं कापडी पिशवी उघडली, आतून दुसरी पिशवी काढली आणि तिच्यातून पुडकी काढून त्यांच्या हातात दिली. रंगीत चिंध्यांनी बांधलेली. भाऊसाहेबांनी ती सदऱ्याच्या आत घातली, आत आले आणि माझ्यापुढं उभं राहून सावकाराच्या ऐटीत बाहेर काढली. बहुतेक पन्नासच्या आणि शंभरच्या नोटा.

मी हात पुढं केला. आणि तिथंच गोदाक्काचं लक्ष माझ्या कपाळावर गेलं. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच.

अप्पा गादीवरून धडपडत आले. "सुलोचना, जरा ऊठ. मी घेतो मोजून."

मी उठले नाही.

"सुलोचना, ऐकलंस का?"

"ऐकलं अप्पा. पण आज सकाळी गल्ल्यावर मी बसलेय. मधे दुसरा हात लागणार नाही, मालकाचासुद्धा नाही. नियम तुमचाच आहे."

"अगं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे!"

"आणि संध्याकाळी घट आली तर? पगार कुणाचा कापणार?"

मोठा नोकर साडीची घडी घालता घालता थांबला. दुसऱ्या बाजूला टॉवेल बघणारं एक गिऱ्हाईक होतं, तेही थांबलं. अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते माझ्याजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "अठरा हजाराचं गिऱ्हाईक आहे. उठतेस का नाही? नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

खोटं नाही सांगत. भाडं डोळ्यांपुढं आलं, पल्लवीचा गणवेश आला, आणि माझ्या भावजयीचं तोंड आलं, जिच्या दारात मला जावं लागलं असतं.

"उद्याचं उद्या बघू," मी म्हटलं. "आज मी गल्ल्यावरून उठणार नाही."

"बगा, बगा! काय तोंड हाय!" गोदाक्का म्हणाली. "भाऊ, उचला पुडकी. समोर काय दुकानं न्हाईत? चला."

"थांबा आक्का," मी म्हटलं. "एक विचारते आणि मग जा. पैसे कुणाचे?"

"कुणाचं म्हंजे? आमचं!"

"भाऊसाहेब, तुम्ही आत्ता बाहेर जाऊन कुणाकडून घेऊन आलात?"

भाऊसाहेबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

"त्या बाकड्यावर बसल्यात त्या वैजूच्या आई ना?"

"तुला काय करायचंय नसत्या चौकशा?" गोदाक्का म्हणाली.

"त्यांच्या हातून निघालेल्या पैशानं लग्नाचा शालू घेतलेला चालतो. मग माझ्या हातात ते पैसे पडले की काय बिघडतं? त्यांचं कपाळ आणि माझं कपाळ एकच की."

"ती आमच्या घरातली हाय. घरातल्या घरात चालतं."

"घरातली आहे तर चपलांपाशी का बसलीय?"

मी एवढं बोलून गेले आणि माझीच मला भीती वाटली. पण आता मागं फिरायचं कुठं? "मी हे पैसे तुमच्या हातून घेतच नाही आक्का," मी म्हटलं. "भाऊसाहेबांच्या हातून पण नाही. ज्यांचे आहेत त्यांनी इथं येऊन मोजून द्यावेत. नाहीतर न्या समोरच्या दुकानात."

अप्पांनी कपाळाला हात लावला.

आणि तेवढ्यात वैजू उठली. दुकानात आल्यापासून ती पोरगी एक शब्द बोलली नव्हती. ती सरळ दाराशी आली, दार उघडलं आणि म्हणाली, "आई, आत ये."

"नगं गं. माझं काय काम हाय?"

"पैशाचं काम आहे. ये."

बाईचा चेहरा एकदम उतरला. ती लगबगीनं उठली, पायरी चढली आणि आत आली. पदर कपाळावर, नजर खाली. माझ्यापुढं उभी राहिली आणि कनवटीला हात घातला. तिथून एक गाठ काढली, रुमालात बांधलेली.

"कमी पडलं का बाई?" ती म्हणाली. "माझ्यापाशी अजून हाईत. जीपमदी जागा न्हाई मिळाली तर म्हून येष्टीसाठी ठिवलं हुतं. घ्या ह्यातलं, पर शालू परत नका घेऊ."

वैजूनं तोंड दुसरीकडं फिरवलं. मला वाटलं आता मला रडू फुटणार, पण रडायची ती जागा नव्हती.

"कमी नाही पडले ताई," मी म्हटलं. "ती गाठ ठेवा परत कनवटीला. पैसे मोजून द्यायचे आहेत, म्हणून बोलावलं. तुमचे आहेत, तुम्ही द्या."

"भावजींनी दिलं न्हाईत व्हय?"

"त्यांच्याकडून मी घेतले नाहीत."

तिनं गोदाक्काकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझ्या कपाळाकडं, गळ्याकडं, हातांकडं. एका बाईनं दुसऱ्या बाईला ओळखावं तसं बघितलं. "नाव काय बाई तुमचं?" तिनं विचारलं.

"सुलोचना."

"मी अनुसया," ती म्हणाली. आणि भाऊसाहेबांच्या हातातून तिनं एकेक पुडकं काढून घेतलं आणि माझ्यासमोर काचेवर मांडलं. "ह्ये निळ्या चिंधीचं धाकट्या म्हशीच्या दुधाचं. दर दहा दिसाला डेअरीचा पगार यायचा, त्यातलं. ह्ये लाल चिंधीचं थोरलीचं. ती आता न्हाई, इकली. त्ये पिवळं तिलाच इकल्याचं."

"मी मोठ्यानं मोजते ताई. ऐका तुम्ही." आणि मी मोजायला लागले. शंभर, दोनशे, तीनशे. ती ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होती. नोटा सगळ्या एका दिशेला लावलेल्या होत्या, एकही फाटकी नव्हती. एवढ्या वर्षांत एवढ्या निगुतीनं लावलेले पैसे माझ्या हातात आले नव्हते.

"अठरा हजार दोनशे. बरोबर, ताई?"

"बरोबर."

तेव्हा मी नोटा ड्रॉवरमध्ये टाकल्या.

गोदाक्का कोपऱ्यात बसून फणकारत होती. तिला काही राहवेना. "आता झालं समाधान? आता लग्नात तरी बाजूला बस म्हंजे झालं, अनुसये. अक्षता पडूस्तोवर मांडवात नको."

"बसंन की बाजूला," अनुसयाबाई म्हणाल्या. आवाज बारीकच, पण थरथर नव्हती. "बाजूला बसायची सवं झालीया. पर शालू म्या घेतला, आक्का. ह्ये हितल्या लोकांनी बघितलंय." आणि त्यांनी गादीवर पसरलेला अंजिरी शालू उचलला, मांडीवर घेतला आणि काठावरनं हात फिरवत बसल्या. या वेळी मधे काच नव्हती. वैजू त्यांच्या खांद्याला खेटून बसली ती जीप निघेपर्यंत उठली नाही.

मंडळी गेली. अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. जेवायच्या सुट्टीत नाही, नंतर नाही. मी मनाची तयारी करत होते. कुणाच्या दुकानात विचारायचं, शिलाईचं काम मिळेल का, पल्लवीला काय सांगायचं.

पण विचार करायला फुरसत होती कुठं? दुपारी तीनच्या पुढं दुकानात रीघ लागली. कुर्डुवाडीचा एक बस्ता आला. तो उठायच्या आत दुसरा. त्यांच्या मागं एका साखरपुड्याची मंडळी. नोकरांना पाणी प्यायला सवड नाही, अप्पांच्या आवाजाचा पार भुगा झाला, आणि माझा ड्रॉवर असा भरला की दाबून लावायला लागला. दुकान वाढवायच्या वेळी मी हिशेब जुळवून अप्पांच्या पुढं ठेवला. घट नव्हती. त्यांनी आकडा बघितला, चष्मा पुसला आणि परत बघितला. दिवाळीतही एका दिवसात एवढी विक्री झाली नव्हती.

मी ड्रॉवरची किल्ली गादीवर ठेवली. "येते अप्पा."

"कुठं चाललीस?"

"तुम्हीच म्हणालात, उद्यापासून येऊ नकोस."

अप्पांनी लक्ष्मीच्या तसबिरीकडं बघितलं, मग किल्लीकडं. मग घसा खाकरला. "बस जरा. आज काय धंदा झाला, बघितलास ना? माझ्या मनात एक आलंय. उद्यापासून भवानी तुझ्याच हातानं करू. तुझा हात लाभला गं दुकानाला."

खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. नोकरी वाचली होती. पण मला असा संताप आला, सकाळी गोदाक्काचा आला नव्हता एवढा.

"आणि उद्या धंदा नाही झाला तर?" मी विचारलं.

"तर काय?"

"तर माझा हात बाधला म्हणणार. मग परत मोरीपाशी. नाहीतर माडीवर."

"तसं नव्हे गं..."

"तसंच आहे अप्पा. मुहूर्त दाट आहेत म्हणून बस्ते आले. सगळ्या बाजारात आज गर्दी होती, समोर जाऊन विचारा. माझा हात लाभत नाही आणि बाधत पण नाही. तुम्हाला भवानी करायचीय, तुम्ही करा, डोळ्यांना लावा, तसबिरीला लावा, मला त्याचं काही नाही. पण मी मोरीपाशी उभी राहणार नाही. दहाला यायचं आणि थेट गल्ल्यावर बसायचं. भवानी झालेली असो नाहीतर नसो. आणि पगार तेराशे करा."

"तेराशे?" अप्पा तसबिरीबिसबिरीचं सगळं विसरले. "एकदम दोनशे? काहीतरीच काय? पन्नास वाढवतो."

"तेराशे."

"बरं, शंभर. तू घरचीच आहेस म्हणून."

मी नुसतं पाटीकडं बोट केलं. 'एकच भाव. कृपया घासाघीस करू नये.'

मोठा नोकर गाठोड्याआड तोंड लपवून हसला. अप्पांनी पाटी वाचली, जशी काही पहिल्यांदाच बघत होते. मग गादीवरची किल्ली उचलली आणि माझ्यापुढं काचेवर आपटली. "वाघीण आहेस," ते म्हणाले. "दहाला ये. उशीर करू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी दहाला गेले. मोरीकडं वळले नाही. पदर खोचला, गल्ल्यावर बसले, ड्रॉवर उघडला. भवानी व्हायची होती. अप्पा गादीवर बसून माझ्याकडं चोरून बघत होते आणि एकच घडी परत परत घालत होते.

बऱ्याच वेळानं एक म्हातारा आला. पंचा घेतला आणि पैसे द्यायला गल्ल्याशी उभा राहिला. अप्पा सवयीनं उठले, हात पुढं केला. माझ्याकडं बघितलं. हात मागं घेतला आणि उगाच डोकं खाजवलं. म्हाताऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं पन्नासची नोट माझ्या हातात दिली. मी ती काचेवर ठेवली, उरलेले पैसे मोजून त्याच्या तळहातावर दिले, तो बरोबर म्हणाला, आणि मी नोट ड्रॉवरमध्ये टाकली. डोळ्यांना वगैरे काही लावली नाही.

त्या दिवशी धंदा अगदी बेताचा झाला. दुपारभर आम्ही माशा मारत बसलो होतो. संध्याकाळी अप्पांनी आकडा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि तोंडाशी आलेलं काहीतरी गिळलं.

"उद्या दहाला," मी म्हटलं आणि किल्ली कनवटीला लावली.